हायरूलची शकावली: झेल्डाच्या कालक्रमाची थिअरी कशी बांधावी

निंटेंडोच्या ‘लेजंड ऑफ झेल्डा’ या व्हिडिओ गेम मालिकेच्या कालक्रमावरच्या, म्हणजे कथेत कुठला खेळ आधी आणि कुठला नंतर यावरच्या, थिअऱ्या पुरावा कमी पडल्याने क्वचितच कोसळतात. एका ओळीच्या पुराव्याकडून दहा ओळींची साक्ष वदवून घेतली, की कोसळतात. मराठी माणसाला हा घोळ ओळखीचा आहे. शिवजन्म १६२७ चा की १६३० चा, हा वाद आपल्याकडे कित्येक दशकं चालला. बखरी एक सांगत होत्या, जेधे शकावलीतली कोरडी नोंद दुसरंच सांगत होती, आणि शेवटी वजन पडलं ते शकावलीच्या पारड्यात. हायरूलच्या, म्हणजे या खेळांतल्या राज्याच्या, बाबतीतही तेच करायचं आहे: बखर कुठली आणि शकावली कुठली, हे आधी वेगळं काढायचं.

सामान फार लागत नाही. एक चार्ट पेपर, २० कार्डं, एक पेन्सिल, एक निळं पेन, एक लाल पेन. कार्डाच्या मापात मात्र बरेच जण फसतात. क्रॉफर्ड मार्केटकडच्या घाऊक स्टेशनरीवाल्याकडून सवयीने ५ बाय ३ इंचाची कार्डं आणली जातात. आपल्या आलेखातली सर्वांत लांब फांदी १२ ओळींची होते, म्हणजे उंची ३६ इंच, आणि चार्ट पेपर जेमतेम २८ इंचांचा. ३ बाय २ चे स्टिकी नोट्स घ्या. २४ इंचांत काम होतं आणि बाजूला लिहायला जागा उरते. स्प्रेडशीट चालेल का? चालेल, पण स्प्रेडशीटमध्ये ओळ हलवायचा कंटाळा येतो, आणि या कामात हलवाहलवच जास्त.

आधी सांगाडा लावा

थिअरी मांडण्याआधी अधिकृत क्रम कागदावर चिकटवा, पटत नसला तरी. हा क्रम पहिल्यांदा पूर्ण छापला गेला तो २०११ च्या डिसेंबरमध्ये जपानात, ‘हायरूल हिस्टोरिया’ या पुस्तकात; इंग्रजी आवृत्ती २०१३ ची.

वरची चार कार्डं सगळ्यांची सामाईक: ‘स्कायवर्ड सोर्ड’, ‘मिनिश कॅप’, ‘फोर सोर्ड्स’, ‘ओकारिना ऑफ टाइम’. ओकारिनाच्या शेवटी रस्ता तीन ठिकाणी फुटतो. नायक लिंक जिंकतो आणि राजकन्या झेल्डा त्याला सात वर्षं मागे, बालपणात परत पाठवते. तो जिथून गेला तो काळ म्हणजे मोठ्या लिंकची फांदी: ‘विंड वेकर’, ‘फँटम अवरग्लास’, ‘स्पिरिट ट्रॅक्स’. तो जिथे पोचला ती लहान लिंकची फांदी: ‘मजोराज मास्क’, ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’, ‘फोर सोर्ड्स ॲडव्हेंचर्स’. आणि तिसरी, लिंक शेवटच्या लढाईत हरला तर काय, ही फांदी: ‘अ लिंक टू द पास्ट’, दोन्ही ‘ओरॅकल’ (एकाच कार्डावर), ‘लिंक्स अवेकनिंग’, ‘अ लिंक बिट्वीन वर्ल्ड्स’, ‘ट्राय फोर्स हीरोज’, २०२४ चा ‘इकोज ऑफ विस्डम’, मग १९८६ चा पहिला ‘लेजंड ऑफ झेल्डा’ आणि १९८७ चा ‘ॲडव्हेंचर ऑफ लिंक’. म्हणजे सगळ्यात आधी आलेले दोन खेळ एका फांदीच्या टोकाला. हे पचायला वेळ लागतो.

उरली दोन कार्डं: २०१७ चा ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ आणि २०२३ चा ‘टिअर्स ऑफ द किंगडम’. अधिकृत आलेखात ती कुठल्याच फांदीला जोडलेली नाहीत. तुम्हीही ती कडेला, सुटी ठेवा. आजच्या जवळपास सगळ्या मारामाऱ्या या दोन कार्डांवरून आहेत.

कार्डाच्या मागे काय लिहायचं

पुढच्या बाजूला नाव आणि प्रकाशनाचं साल. मागे तीनच गोष्टी: हा खेळ स्वतःच्या आधी काय घडलं म्हणून सांगतो, शेवटी जग कुठल्या अवस्थेत सोडतो, आणि हे खेळात कुठे दिसतं. ‘विंड वेकर’चं भरलेलं कार्ड असं दिसेल:

आधी: काळाचा वीर (ओकारिनातला लिंक) आला, जिंकला, निघून गेला. दुष्ट गॅननडॉर्फ पुन्हा उठला तेव्हा वीर आला नाही. देवांनी राज्य पाण्याखाली घातलं.
शेवट: राजा ट्रायफोर्सकडे (इच्छा पुरवणारी दैवी वस्तू) हायरूल कायमचं बुडवायचं मागणं मागतो. मास्टर सोर्ड (वीराची तलवार) गॅननडॉर्फच्या डोक्यात रुतलेली, तो दगड होऊन समुद्रतळाशी.
कुठे: सुरुवातीची चित्रकथा, शेवटचा कटसीन (चित्रपटासारखा चालणारा प्रसंग), किल्ल्याच्या तळघरात ओकारिनातल्या ऋषींची रंगीत काचचित्रं.

मधली ओळ लोक लिहीतच नाहीत. पहिली ओळ सगळ्यांना तोंडपाठ असते, कारण ती खेळ सुरू होताच समोर येते. पण थिअरी अडकते ती मधल्या ओळीत, ते पुढे दिसेलच.

सगळे खेळ स्वतः खेळणं आपल्याकडे कमीच जणांना जमतं, आणि जुनी कार्ट्रिज शोधत लॅमिंग्टन रोड पालथा घालण्याचीही गरज नाही. पूर्ण खेळाचं विनाबडबड चित्रण पाहा. फक्त कटसीन जोडून केलेले तीन-चार तासांचे व्हिडिओ टाळा. त्यांत वस्तूंची वर्णनं आणि गावातल्या माणसांचं बोलणं गाळलेलं असतं, आणि निम्मा पुरावा तिथेच असतो.

पुराव्याचं वजन

सगळ्यात वर पडद्यावर घडलेली गोष्ट. तिच्याखाली वस्तूंची वर्णनं आणि शिलालेख. मग पात्रांचं बोलणं. पात्रं चुकू शकतात, ऐकीव सांगतात. मग खेळाबरोबर आलेली पुस्तिका आणि खोका. मग निर्मात्यांच्या मुलाखती आणि अधिकृत पुस्तकं.

पुस्तक इतकं खाली का, असा प्रश्न येणारच. कारण पुस्तकं आपसांत पटवून घेत नाहीत. हिस्टोरियात ‘ओरॅकल’ आधी आणि ‘लिंक्स अवेकनिंग’ नंतर, आणि लिंक एकच. त्यानंतर आलेल्या ‘हायरूल एन्सायक्लोपीडिया’त क्रम उलटा झाला आणि ओरॅकलचा लिंक वेगळा ठरला. हिस्टोरियानेच स्वतःच्या पानांत कबूल केलं आहे, की सांगणारे बदलले की इतिहासही बदलतो. मुलाखतींचंही तसंच. १९९८ मध्ये मालिकेचे जनक मियामोतोंनी सांगितलेला क्रम असा होता: ओकारिना, पहिला झेल्डा, दुसरा झेल्डा, आणि शेवटी ‘अ लिंक टू द पास्ट’. पण त्याच ‘अ लिंक टू द पास्ट’च्या अमेरिकी खोक्यावर छापलं होतं, की ही लिंक आणि झेल्डा यांच्या पूर्वजांची कथा आहे. खोका म्हणतो आधी, निर्माता म्हणतो नंतर. म्हणून मुलाखत किंवा पुस्तक वापरताना साल लिहिल्याशिवाय कार्डावर घेऊ नका.

एका इंग्रजी शब्दावर थिअरी टांगलेली असेल तर जपानी मजकूर बघा. ‘अ लिंक टू द पास्ट’ या नावातल्या ‘भूतकाळाशी दुवा’वर काही जणांनी इमले बांधले. मूळ जपानी नावाचा अर्थ ‘देवांचा ट्रायफोर्स’ असा आहे. दुवा नाही आणि भूतकाळही नाही. इमला गेला.

मिठाचं प्रकरण

आता एक पुरावा सावकाश तपासू. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये खडक फोडले की खडेमीठ मिळतं. त्याच्या वर्णनात ते प्राचीन समुद्रातलं मीठ असल्याचं म्हटलं आहे. यावरून उभी राहिलेली थिअरी: समुद्र म्हणजे विंड वेकरचा महापूर, म्हणून हा खेळ मोठ्या लिंकच्या फांदीत, पाणी ओसरल्यानंतरचा.

ऐकताना एकदम पटतं. शिवाय साथीला रिटो आहेत, ते पक्षीमानव विंड वेकरमध्येच पहिल्यांदा दिसले. कोरोक, म्हणजे जंगलातले चिमुकले आत्मे, तेही तिथलेच. डोंगरात आणि वाळवंटात प्रचंड सांगाडे पडले आहेत. कट्ट्यावर कुणीतरी म्हणतंच, “अरे, मीठ आहे म्हणजे समुद्र होता, विषय संपला!”

इथे एकच प्रश्न विचारायचा. ही फांदी खोटी असती, तर मीठ तिथे नसतं का?

आपल्या घरातल्या सैंधवाकडे पाहा. खेवड्याच्या खाणीतलं ते मीठ प्राचीन समुद्राचंच आहे, पण तो समुद्र कुठल्याही पुराणातल्या प्रलयाचा पुरावा होत नाही. उलट भांडुप-मुलुंडच्या मिठागरांतलं मीठ कालपरवाच्या भरतीचं. मीठ समुद्र सांगतं. कुठला समुद्र, ते सांगत नाही. आणि हायरूलमध्ये दुसरा समुद्र आहे का? आहे. ‘स्कायवर्ड सोर्ड’मध्ये लानायरूचा वाळूचा समुद्र पूर्वी खरोखरचा पाण्याचा समुद्र होता, आसपासचा काळ मागे नेणारी कालशिला वापरून जहाज पुन्हा पाण्यावर तरंगवावं लागतं. तो खेळ सामाईक चार कार्डांतला पहिला. म्हणजे आटलेला प्राचीन समुद्र तिन्ही फांद्यांच्या वाट्याला येतो. मीठ तिन्हीकडे खारटच.

मग विंड वेकरवाल्यांनी द्यायची किंमत बघा, कार्डाची मधली ओळ काढून. मास्टर सोर्ड समुद्रतळाशी, दगड झालेल्या गॅननडॉर्फच्या डोक्यात. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये ती कोरोकांच्या जंगलात, चौथऱ्यात उभी. तिला कुणी उपसलं? तलवार काढल्यावर गॅननडॉर्फचं काय झालं? शिवाय वाचलेली माणसं नव्या भूमीवर गेली आणि सुमारे १०० वर्षांनंतर ‘स्पिरिट ट्रॅक्स’मध्ये तिथे नवं हायरूल उभं आहे. मग आपण कुठल्या भूमीवर आहोत, नव्या की उघड्या पडलेल्या जुन्या? याची उत्तरं शक्य नाहीत असं नाही. पण ती खेळात नाहीत, थिअरीवाल्याला पदरची घालावी लागतात. खेळात दिसणारी गोष्ट निळ्या पेनने आणि पदरची घातलेली प्रत्येक गोष्ट लाल पेनने लिहा. लाल ओळी निळ्यांपेक्षा जास्त झाल्या, की ती थिअरी राहिली नाही, कादंबरी झाली.

नावांच्या मागे धावू नका

मुंबईकराला हे समजावून सांगायची गरज पडू नये. चर्चगेटला गेट नाही. किल्ल्याची तटबंदी १८६० च्या दशकात पाडली तेव्हाच ते गेलं. काळा घोडाची गंमत याहून मोठी: मूळ पुतळा १९६५ मध्ये हलवून भायखळ्याला नेला, नाव तिथेच राहिलं, आणि २०१७ मध्ये त्या भागात नवा काळा घोडा उभा केला, स्वाराशिवाय. ५०० वर्षांनी कुणी उत्खनन केलं तर त्याला नाव मिळेल, घोडाही मिळेल, आणि तरी तो घोडा तो नव्हे.

‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’चा नकाशा अशा नावांनी गच्च भरलेला आहे. तिन्ही फांद्यांतल्या पात्रांची नावं डोंगर, तळी, बेटं यांना दिली आहेत. एखाद्या बेटाचं नाव विंड वेकर घराण्यातलं निघालं म्हणून फांदी ठरवायची, तर त्याच नकाशावरचं दुसरं तळं तुम्हाला दुसऱ्या फांदीत ढकलेल. नकाशावरची नावं सरसकट सर्वांत हलक्या वजनात टाका. अमिबो या निंटेंडोच्या बाहुल्यांमुळे मिळणारे जुन्या वीरांचे पोशाख तर पुराव्यात घेऊच नका.

नावांत आणखी एक सापळा आहे, प्रकाशनाचा क्रम विसरण्याचा. १९८७ च्या दुसऱ्या झेल्डात गावांची नावं रौरू, रूटो, सारिया, नाबूरू, डारूनिया अशी आहेत. ११ वर्षांनी ओकारिना आला आणि ही नावं तिथल्या ऋषींना दिली गेली. आता कथेच्या आत अर्थ असा लागतो, की गावांना ऋषींची नावं ठेवली. बनवणाऱ्यांच्या टेबलावर मात्र गाव आधी आणि ऋषी नंतर. दोन्ही गोष्टी खऱ्या, पण त्या एकाच वाक्यात कोंबू नका. ‘टिअर्स ऑफ द किंगडम’मधल्या पहिल्या राजाचं नावही रौरूच आहे, त्यावरून तो ओकारिनाचा ऋषी ठरत नाही.

नावं पुरावा म्हणून कधी चालतात? त्यांच्याबरोबर घटना सांगितली असेल तर. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मधल्या झोरांच्या, म्हणजे जलमानवांच्या, शिलालेखात ओकारिनातल्या राजकन्या रूटोचं नुसतं नाव नाही. ती ऋषी म्हणून जागी झाली आणि राजकन्या व वीराच्या बाजूने लढली, असं आहे. लहान लिंकच्या फांदीत रूटो ऋषी होतच नाही. हा पुरावा खरंच काहीतरी कापतो. पण त्याच खेळात, जुन्या समारंभाच्या आठवणीत, झेल्डा वीराला उद्देशून आकाश, काळ आणि संधिप्रकाश यांचा उल्लेख करते. संधिप्रकाश म्हणजे ट्वायलाइट, म्हणजे नेमकी लहान लिंकची फांदी. आणि चार यंत्रपशूंपैकी मेडोचं नाव विंड वेकरच्या मेडली या रिटो मुलीवरून घेतल्यासारखं. एकाच खेळात तीन दिशांची बोटं. आमचं मत: निर्मात्यांनी हे ठरवून केलं आहे, आणि एका फांदीचा हट्ट धरणाऱ्या प्रत्येक थिअरीला यातलं एखादं बोट कापावंच लागतं. कुठलं कापलं ते स्पष्ट लिहा.

कल्पभेदाचा मोह

पुराणात दोन कथा जुळेनात, की जुने टीकाकार म्हणत, ही त्या कल्पातली आणि ती या कल्पातली. कल्पभेद म्हटलं की वाद मिटतो. झेल्डावाल्यांचा कल्पभेद म्हणजे चौथी फांदी. तिन्ही फांद्या कुठेतरी परत एक झाल्या, हा त्याचाच चुलतभाऊ. फांदी फुटण्याला खेळात कारण लागतं: ओकारिनात झेल्डा लिंकला मागे पाठवते, म्हणून दोन फांद्या पडद्यावर दिसतात. तिसरी, हरलेल्या लिंकची, पडद्यावर कुठेच घडत नाही. ती पुस्तकाने दिली, आणि म्हणूनच २०११ मध्ये अनेक जण चक्रावले. अधिकृत पुस्तकालाही जे जड गेलं, ते आपण फुकटात करू नये. फांद्या जुळवायच्या असतील तर जुळण्याची घटना दाखवा, नाहीतर लाल पेन.

आता खरी परीक्षा: पहिला राजा कधीचा?

‘टिअर्स ऑफ द किंगडम’मध्ये झेल्डा भूतकाळात जाते आणि हायरूलचा पहिला राजा रौरू व राणी सोनिया यांना भेटते. तिथे एक गॅननडॉर्फ आहे, बंदिवासाचं युद्ध होतं, रौरू त्याला किल्ल्याखाली जखडतो. हा भूतकाळ आलेखात कुठे चिकटवायचा?

कागदाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे पहिली थिअरी: ही मूळ स्थापना, ओकारिनाच्या आधीची. जमेची बाजू अशी, की ‘पहिला राजा’ हे शब्द सरळ अर्थाने घेता येतात. किंमत: त्या काळातल्या ऋषींमध्ये एक रिटो आहे. रिटो हे झोरांचे वंशज, महापुरानंतरचे, असं हिस्टोरिया सांगतं. मग ओकारिनाच्या आधी रिटो कुठून आले? शिवाय एक गॅननडॉर्फ किल्ल्याखाली कोंडलेला असताना दुसरा ओकारिनात वर फिरतो आहे, हेही मानावं लागतं. गॅननडॉर्फच्या गेरूडो या स्त्रियांच्या जमातीत १०० वर्षांतून एक पुरुष जन्मतो, त्यामुळे ते अशक्य नाही, फक्त अवघड आहे.

उजवीकडे दुसरी: जुनं हायरूल कधीतरी संपलं, आणि रौरूने फार नंतर त्याच नावाचं राज्य पुन्हा उभारलं. रिटोंचा प्रश्न सुटतो, दोन गॅननडॉर्फ एकमेकांना आडवे येत नाहीत, आणि आधीच्या एकाही खेळात सोनिया-रौरूचा उल्लेख का नाही, हेही कळतं. किंमत: जुन्या राज्याचा शेवट कुणीच दाखवलेला नाही. शिवाय बंदिवासाचं युद्ध हे नाव ‘अ लिंक टू द पास्ट’च्या पूर्वकथेतही आहे, म्हणजे एकाच नावाची दोन युद्धं मानावी लागतात. दिग्दर्शक फुजिबायाशी यांनी २०२३ च्या शेवटी फामित्सू मासिकाच्या मुलाखतीत, या स्थापनेआधी एखादं हायरूल नष्ट झालेलं असू शकतं, अशी शक्यता बोलून दाखवली. केवळ शक्यता म्हणून. वजनाच्या यादीत ती मुलाखतीच्याच जागी राहील, वर चढवू नका.

आमचा कौल उजवीकडे, रिटोमुळे. रिटो पडद्यावर दिसतो, आणि ‘पहिला राजा’ हे पात्रांचं बोलणं आहे. उद्या एखाद्या खेळात महापुराआधीचा रिटो उडताना दिसला, तर कौल फिरवावा लागेल. हे वाक्य तुमच्या कागदावर तुमच्या शब्दांत असायलाच हवं: काय दिसलं तर मी माघार घेईन. ज्याला ते लिहिता येत नाही, त्याच्याशी वाद घालण्यात संध्याकाळ घालवू नका.

चार लोकांत मांडताना

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर मांडणार असाल तर स्टिकी नोट्सवर भरवसा ठेवू नका, समुद्राकडच्या वाऱ्याने दहा मिनिटांत ‘स्कायवर्ड सोर्ड’ शब्दशः आकाशात जाईल. चार्ट पुठ्ठ्यावर लावा, नोट्सना टाचण्या मारा. आधी स्पॉयलरचं विचारून घ्या. ‘टिअर्स ऑफ द किंगडम’चा शेवट न पाहिलेला एकजण हमखास निघतो. सुरुवात निष्कर्षाने करा, मग निळे पुरावे तीन, मग लाल ओळी सगळ्या. लाल ओळी लपवल्या की समोरचा त्या शोधण्यातच वेळ घालवतो आणि तुमचं मुख्य म्हणणं ऐकतच नाही.

कार्डांच्या जागा पेन्सिलीने आखा. ‘इकोज ऑफ विस्डम’ आला तेव्हा ज्यांनी पेनाने रेघा मारल्या होत्या, त्यांना ‘ट्राय फोर्स हीरोज’ आणि पहिला झेल्डा यांच्यामध्ये कार्ड घुसवायला अख्खा चार्ट नव्याने करावा लागला.